पाटीचं गाणं आणि दोन काळे स्पीकर

स्पीकर घरी आणले त्या दिवशी ते ऐकून मम्मी म्हणाली, "याच्यापेक्षा आपल्या टीव्हीचा आवाज बरा हे."

मला वाईट वाटलं, पण तिचं चुकत नव्हतं. मी मुद्दाम सगळ्यांच्या ओळखीचं एक हळदीतलं गाणं लावलं होतं. शेजारच्यांच्या होम थिएटरवर ते वाजलं की आमच्या मांडणीतले पेले थरथरतात. या दोन काळ्या पेट्यांमधून मात्र ते अगदी कोरडं आलं. गाणाऱ्याचा आवाज समोर, स्पष्ट, त्याने ओठ उघडल्याचं कळावं इतका. पण ऐकून अंगात यावं असं काही नाही. एका पेटीचा कोपरा चेपलेला होता. फ्रिज सुरू झाला की दोन्हींतून बारीक खरखर येई. मम्मीने त्यांच्यावर घालायला क्रोशाचे दोन रुमाल काढून ठेवले होते, ते तिने घडी करून परत कपाटात ठेवले.

गाणी ऐकायचे स्पीकर वेगळे आणि गाणी करायचे वेगळे, हे मला कॉलेजला गेल्यावर कळलं. तेही वर्गात नाही, मोबाईलवरच्या व्हिडिओंमधून. करायच्या स्पीकरना मॉनिटर म्हणतात. ते आवाजाला नटवत नाहीत. जे रेकॉर्ड झालंय ते जसंच्या तसं समोर ठेवतात, म्हणजे काय बिघडलंय ते करणाऱ्याला कळतं. चांगले मॉनिटर फार महाग असतात. माझे सगळ्यात खालच्या पायरीवरचे, आणि तेही वापरलेले. गंगापूर रोडला राहणाऱ्या एका मुलाने मोठे घेतले म्हणून हे काढले होते. देताना तो म्हणाला, "मागच्या भिंतीपासून निदान हातभर लांब ठेव." मी मान हलवली. त्याच्या खोलीत हातभर जागा सोडणं सोपं होतं. आमच्या नाशिक रोडच्या घरात टेबल हातभर पुढे ओढलं तर कपाटाचं दार उघडत नाही आणि मम्मीला अंथरूण घालायला जागा उरत नाही. हे त्याला सांगायला मला जमलं नाही. माझं बरेचदा असं होतं. समोरच्याला वाटतं मला समजलं, आणि घरी येईपर्यंत मलाही तसंच वाटत असतं.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. पप्पा सातवी शिकलेत. ते घरांचं, इमारतींचं रंगकाम करतात. तरुणपणी ते कामासोबत गायन पार्टीत गायचे. एप्रिलमध्ये, जयंतीच्या महिन्यात, त्यांची पार्टी गावोगाव जायची: एक हार्मोनियम, एक ढोलकी, झांज आणि मागे ओळी धरायला चौघं. बाकी गाणी इतरांची असत, पण एक त्यांनी स्वतः लिहिलेलं होतं. ते पाटीचं गाणं.

त्यांच्या लहानपणी घरात एकच पाटी होती. ती पप्पा आणि त्यांची मोठी बहीण, म्हणजे माझी आत्या, मिळून वापरायचे. पाटी फुटली. दुसरी आली ती फक्त पप्पांसाठी, आणि आत्याची शाळा तिथेच थांबली. गाण्यात हे चार कडव्यांत आहे. त्यातल्या दोन ओळी मला लहानपणापासून पाठ आहेत:

एक पाटी दोघांमधी, अर्धी आक्काची, अर्धी माझी;
पाटी फुटली, शाळा सुटली, तिची सुटली, राहिली माझी.

जिच्यावर हे गाणं होतं तिने ते कधी ऐकलंच नव्हतं. आत्याचं सासर पेठच्याही पुढे. पप्पांची पार्टी तिकडे कधी गेली नाही, आणि बहिणीसमोर बसून तिच्यावरचं गाणं म्हणून दाखवणं काही पप्पांच्यानं झालं नाही. यंदा मात्र ती जयंतीला आमच्याकडे येणार होती. आता अडचण पप्पांच्या घशाची होती. तीस वर्षं भिंतींना भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, घासून घासून तिचा पांढरा भुगा त्यांच्या आवाजात बसलाय असं मला कधी कधी वाटतं. दोन कडव्यांनंतर आवाज फाटतो. स्टेजवर उभं राहून चार कडवी सलग म्हणणं होणार नव्हतं. म्हणून रेकॉर्डिंग. आमच्या कॉलनीच्या विहारात जयंतीच्या संध्याकाळी कार्यक्रम असतो, तिथे ते वाजवायला कमिटी तयार झाली. अट एकच होती, शब्द कळले पाहिजेत. मागच्या वर्षी मी कॉलेजातल्या एका मैत्रिणीचं गाणं इअरफोनवर ऐकून ऐकून तयार केलं होतं. ते विहारात वाजलं तेव्हा कोणाला एक शब्द कळला नव्हता. कमिटीच्या अध्यक्षांच्या ते चांगलं लक्षात होतं, आणि माझ्या तर होतंच. त्यासाठीच मी हे स्पीकर घेतले होते.

पप्पांचा आवाज आम्ही सकाळी घ्यायचो, ते कामावर जायच्या आधी. कपाटाची दोन्ही दारं उघडायची, त्यांच्यावर गोधडी टाकायची, आणि त्या आडोशात माईक. रोज एकच कडवं. तेवढा वेळ मम्मी कुकर लावायची नाही. स्टेशनवरचा भोंगा मात्र आमच्या हातात नव्हता. एक छान जमलेलं कडवं एका मालगाडीने खाल्लं.

पहिलं कडवं झालं तेव्हा मी ते स्पीकरवर लावलं. पप्पांनी आपला आवाज असा कधी ऐकला नव्हता. पार्टीच्या काळात भोंगे असायचे, आणि ते लोकांकडे तोंड करून असायचे. पप्पा खुर्चीच्या टोकावर बसले, नजर फरशीवर. संपल्यावर म्हणाले, "परत लाव." मी लावलं. आणखी एकदा लावायला सांगितलं. मला वाटलं, त्यांना आवडलं नाही. मग ते म्हणाले, "'फुटली'च्या आधी मी श्वास चोरला. ऐकू येतंय."

मी सांगितलं की हो, येतंय थोडं, पण इतरांना नाही कळणार.

"टीव्हीवर लावलं असतं तर मला कळलं असतं का?"

"नसतं कळलं."

"मंग हा आपला तिरपा बल्ब हे."

हे मला त्यांनी लहानपणी एकदा दाखवलं होतं. भिंतीला लांबी भरून घासली की समोरून ती सपाट दिसते. मालकाला दिसते, ठेकेदारालाही दिसते. पप्पा तेव्हा एक बल्ब होल्डरला लावतात आणि भिंतीला जवळजवळ चिकटवून धरतात. उजेड भिंतीवरून तिरपा सरकतो आणि जिथे जिथे उंचवटा आहे, खड्डा आहे, तिथे सावली पडते. सपाट वाटणारी भिंत एकदम देवीचे व्रण असल्यासारखी दिसायला लागते. मग पुन्हा भरायचं, पुन्हा घासायचं. पुष्कळ रंगारी हा बल्ब पिशवीतून काढत नाहीत, कारण तो काढला की काम वाढतं. पप्पा तो पिशवीत सगळ्यात वर ठेवतात. समोरून प्रत्येक भिंत चांगलीच दिसती, असं ते म्हणतात.

मी या विषयावर निदान पन्नास व्हिडिओ पाहिले असतील. मॉनिटर कशासाठी असतात हे इतकं नेमकं मला एकातही मिळालं नव्हतं. आणि पप्पांनी तर ते स्पीकर जेमतेम दहा मिनिटं ऐकले होते.

त्यांनी ते कडवं दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं. तिसरं कडवं चार सकाळी घेतलं. दरवेळी बूट घालून, डब्याची पिशवी हातात घेऊन ते ऐकायचे आणि कुठे चुकलं ते स्वतःच सांगायचे. मला काही सांगावं लागलं नाही. त्या स्वस्तातल्या पेट्यांबद्दल मला तेव्हापासून आदर वाटायला लागला. बापाच्या चुका मुलीने काढायच्या, हे काम त्या पेट्यांनी माझ्यावरून आपल्यावर घेतलं होतं.

ढोलकीला पप्पांचे पार्टीतले जुने सोबती आले. मी त्यांना काका म्हणते. ते एका गॅरेजात काम करतात, आणि बोलण्यात कोणाला सोडत नाहीत. कानाला हेडफोन लावून, एकट्याने, आधी रेकॉर्ड झालेल्या आवाजावर वाजवायचं, हे त्यांना पटेना. ते म्हणाले, गाणाऱ्याचं तोंड दिसल्याशिवाय हात उचलायचा कसा? शेवटी पप्पा त्यांच्यासमोर मांडी घालून बसले आणि चारही कडवी नुसते ओठ हलवून म्हटली, आवाज न काढता. काका त्यांच्या तोंडाकडे बघत वाजवत होते. मधल्या एका जागी दोघं एकदम हसले. त्या हसण्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये नाही, पण ढोलकी तिथे जराशी लाडात येते.

इथपर्यंत सगळं बरं होतं. दोन्ही आवाज एकत्र लावायला बसले आणि माझी पंचाईत सुरू झाली. ढोलकीची घुमणारी बाजू आमच्या खोलीत इतकी घुमायची की पप्पांचे शब्द त्यात बुडून जायचे. मला मागच्या वर्षीची भीती होती. मी घुमणं कमी केलं. मग आणखी कमी केलं. शब्द वर आले, चकचकीत झाले. मला वाटलं, जमलं.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी विहारात चाचणी होती. अध्यक्ष, कमिटीची दोन माणसं, काका आणि आम्ही बापलेक. मंडपवाल्याने त्याच्या मोठ्या स्पीकरवर गाणं लावलं. पप्पांचा प्रत्येक शब्द कळत होता. ढोलकी मात्र कोणीतरी बोटांनी पत्रा वाजवावा तशी टकटक करत होती.

काकांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोरीनं आमच्या ढोलकीचा बिस्किटाचा डबा केला."

सगळे हसले, मीही हसले. पण नंतर ते बाजूला येऊन हळूच म्हणाले, "माझं वाजवताना काही चुकलं असंल तर तसं सांग बाय." ते मला जास्त लागलं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

अध्यक्ष चांगुलपणाने बोलले. म्हणाले, जयंतीच्या दोन दिवस आधी पुन्हा ऐकू. तेव्हा बरं वाटलं तर लावू, नाही तर तयार गाणी आहेतच. घरी येताना पुलाखालून वळल्यावर पप्पा म्हणाले, "आक्काचा फोन आलता. विचारत होती, गाणं किती वाजता लागणार." एवढंच. त्यात मला कुठे बोल नव्हता, आणि म्हणूनच पुढचे दहा दिवस मला दुसरं काही सुचलं नाही.

मी ढोलकी वाढवली की घरात शब्द बुडत. कमी केली की विहारात डबा होणार. स्पीकरच खालच्या दर्जाचे आहेत असं एकदा मनात आलं. ज्याच्याकडून घेतले त्या मुलाला विचारावं म्हणून मी तीन वेळा मेसेज लिहिला आणि तीनही वेळा पुसला. तो विचारणार, भिंतीपासून लांब ठेवलेत का? आणि मला कपाटाच्या दाराचं सांगावं लागणार.

तेवढ्यात पप्पांनी घराला रंग काढला. जयंतीच्या आधी आमच्याकडे घरोघरी रंग देतात, पण रंगाऱ्याचं घर शेवटी. इतरांची कामं उरकून, मिळालेल्या दीड दिवसात, ठिकठिकाणचे उरलेले डबे घेऊन ते आमच्या भिंतींना लागतात. त्यामुळे आमच्या खोलीची एक भिंत एका दवाखान्याची पिस्ता आहे आणि दुसरी कोणाच्या तरी बेडरूमची. पण रंगापेक्षा बघण्यासारखी त्यांची झाकाझाक. ते आधी सगळं झाकतात. स्विच, बिजागऱ्या, कड्या, सगळ्यावर मास्किंग टेप; टेबलाला प्लास्टिक; पंख्याच्या पात्यांना वर्तमानपत्र. त्यांच्या हाताखाली एखादं भोक उघडं राहणं शक्य नाही. मी त्या दीड दिवसात मैत्रिणीकडे अभ्यासाला गेले होते.

परत आले तर खोली लख्ख. टेबल जागेवर, भिंतीला टेकून. दोन्ही स्पीकर पुसून जसेच्या तसे ठेवलेले. रंगाचा वास होता म्हणून खिडकी उघडी ठेवून मी गाणं लावलं, आणि मला क्षणभर वाटलं आपण दुसरीच फाईल उघडली.

घुमणं गेलं होतं. ढोलकी खोलीभर पसरायची ती आता एका जागी, पप्पांच्या डाव्या हाताला बसली होती. आणि ती बारीक होती, अगदी विहारात वाटली तशी. म्हणजे काका जे म्हणाले ते मला आता घरी ऐकू येत होतं. मी घाबरत घाबरत तिचा खालचा आवाज परत द्यायला लागले. थोडा, मग आणखी थोडा. शब्द बुडेनात. काका प्रत्येक ओळीच्या शेवटी तळव्याने कातडं किंचित दाबतात आणि आवाज हुंकारल्यासारखा वर चढतो; महिनाभर त्यांची ढोलकी ऐकून मला ते कळलंच नव्हतं. पहिल्यांदाच ते ऐकलं आणि मी हात मागे घेऊन नुसती ऐकत बसले. ज्या स्पीकरांना मी मनात दोष दिला होता, त्यांनीच हे दाखवलं. नवा रंग लागल्यामुळे खोली सुधारली असेल, असं मी समजले. रंगाने असं काही होत नाही. पण मला तेव्हा कारण नको होतं.

तिसऱ्या दिवशी एक वायर सैल झाली म्हणून मी स्पीकर फिरवला. मागे एक गोल भोक असतं, आवाजाची हवा जायला केलेलं. ते दिसेचना. त्यावर मास्किंग टेप होता, कडेने नखाने दाबून बसवलेला, आणि आत कागदाचा घट्ट बोळा. दुसऱ्याचंही तसंच.

पप्पा जेवत होते. मी स्पीकर तसाच उचलून त्यांच्यासमोर धरला.

"ते व्हय," ते म्हणाले. "एवढं मोठं भोक. रंग उडाला असता, पाल जाऊन बसली असती. काढायचं राहिलं वाटतं."

मी एका स्पीकरचा बोळा काढून बघितला. त्या बाजूने पहिल्यासारखंच घुमायला लागलं. मग मी शोधून वाचलं. छोट्या स्पीकरला खालचा आवाज जास्त यावा म्हणून ते भोक असतं, आणि स्पीकर भिंतीला टेकवला की तो आवाज भिंतीवर आपटून हवा त्याच्यापेक्षा फुगतो. हातभर जागा त्यासाठी. ज्यांना ती सोडता येत नाही ते भोक बुजवतात, असंही एके ठिकाणी लिहिलं होतं. म्हणजे आधी मी भिंतीचं घुमणं ढोलकीचं समजून कापत होते. पण मला खात्री वाटेना. तिथे लिहिलं होतं फोमचा तुकडा. आमच्याकडे जुना पेपर होता. आता उलटं झालं असलं तर? ढोलकी मी जास्त दिली असली आणि विहारात परत शब्द गेले तर? चाचणीला दोनच दिवस उरले होते. मी पप्पांना विचारलं, बोळा असताना ऐकलं ते खरं, की नसताना ऐकलं ते?

ते हात धुऊन आले. म्हणाले, "भिंत तीच हे ना? बल्ब धरायची जागा बदलली. जिथून सावली दिसती तिथून धरायचा." मग हात पुसत, "आन तरी खात्री नसंल तर मालकाला बोलवून दाखवायची. चाल, काकाला फोन लाव."

मी काढलेला बोळा परत घातला. टेप त्यांनी लावला. मला तितका नीट लावता आला नसता.

दुसऱ्या चाचणीला काका गॅरेजातून तसेच आले, हाताला ग्रीस. गाणं सुरू झालं. मी मंडपवाल्याच्या स्पीकरकडे बघायचं सोडून काकांच्या गुडघ्याकडे बघत होते. पहिल्या कडव्याला हात गुडघ्यावर नुसता होता. दुसऱ्याला बोटं हलायला लागली. शेवटच्या ओळीला त्यांनी तो हुंकार आपल्याच गुडघ्यावर दाबून घेतला. अध्यक्ष त्यांच्याकडे बघत होते, ते काय म्हणतात म्हणून.

"आता मी वाजवतोय," काका म्हणाले.

जयंतीच्या दिवशी आत्या दुपारच्या एसटीने आली. नवं पांढरं लुगडं, हातात कापडी पिशवी. संध्याकाळी विहारात तिला बायकांमध्ये पुढे बसवलं. पिशवी तिने मांडीवरच ठेवली. पप्पा बसले नाहीत; मागे दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ उभे राहिले. अध्यक्षांनी माईकवर सांगितलं की आता आपल्याच कॉलनीतलं गाणं. त्यांनी पप्पांचं नाव घेतलं आणि माझंही घेतलं. माझं नाव माईकवरून याआधी फक्त शाळेत गैरहजर मुलांच्या यादीत घेतलं गेलं होतं.

मी आत्याच्या शेजारी बसले होते. पहिलं कडवं सुरू झालं. ती इतरांसारखीच ऐकत होती. "एक पाटी दोघांमधी" आलं तेव्हा तिचा हात पिशवीवर थांबला. "अर्धी आक्काची" म्हटल्यावर तिने मान वळवून मागे बघितलं, पप्पा सापडेपर्यंत. मग पुन्हा समोर. उरलेलं गाणं तिने मान खाली घालून ऐकलं. मला तिचं तोंड दिसत नव्हतं. मी मनात शब्द मोजत होते. एकही सुटत नव्हता. पप्पांच्या आवाजातला तो घासलेला भुगाही कळत होता, आणि तो मी काढला नाही याचं मला बरं वाटलं.

टाळ्या झाल्या. आत्या उठली, बायकांमधून वाट काढत थेट दाराशी गेली. मी मागोमाग. पप्पांनी हात जोडल्यासारखे काहीतरी केले.

"कोणी फोडली ते नाय सांगितलं," आत्या म्हणाली.

"काय?"

"पाटी फुटली म्हणतो. आपली आपण फुटली का ती? तू बसला होता तिच्यावर. बोरं खात बसला होता. आन मार मी खाल्ला."

आजूबाजूचे पाच-सहा जण हसायला लागले. काका तर खांबाला टेकले. "इतकी वर्षं मी या गाण्याला ढोलकी वाजवतोय," ते म्हणाले, "आन आरोपी माझ्यासमोरच बसला होता."

पप्पाही हसत होते, पण त्यांचे कान लाल झाले होते. आत्याने त्यांच्या शर्टाच्या बाहीवरचा रंगाचा एक ठिपका नखाने खरवडायला सुरुवात केली. तो निघण्यातला नव्हता. खरवडता खरवडता ती म्हणाली, "सगळं कळलं पण. एक एक शब्द कळला." मग माझ्याकडे वळून, "हे तू केलं?"

मी म्हटलं, नाही, पप्पांनी केलं, काकांनी केलं. स्पीकरच्या मागच्या बोळ्याचं मी सांगायला सुरुवात केली, पण ते फार लांबलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या निघणार होती. पहिली एसटी तिने सोडली, कारण पप्पा उठल्या उठल्या म्हणाले की एक कडवं राहिलंय, ते घ्यायचं. कामावर सुट्टी नव्हती. डब्याची पिशवी दाराशी तयार होती. मी कपाटाची दारं उघडून गोधडी टाकली. मम्मीने कुकर खाली ठेवला. पप्पा आत जाऊन उभे राहिले आणि आत्याला म्हणाले, "तू समोर बस."

"मी कशाला?"

"तोंड दिसल्याशिवाय म्हणता येत नाय."

ती समोर बसली, पिशवी मांडीवर घेऊन. पप्पांनी म्हटलं:

पाटीवरती मीच बसलो, आज सांगतो आक्का तुला;
फुटली तेव्हा गप्प राहिलो, अक्षर अक्षर टोचतं मला.

आवाज सकाळचा, न तापलेला होता. "टोचतं"वर तो सरळ तुटला. मी ते स्पीकरवर लावलं. तुटलेलं अर्थातच अगदी स्वच्छ ऐकू आलं. मी पप्पांकडे बघितलं, ते आता पुन्हा घेऊ म्हणतील म्हणून, आणि बोट बटणावर ठेवलं.

ते आत्याकडे बघत होते. आत्या दोन्ही पेट्यांकडे आळीपाळीने बघत होती, कोणत्या पेटीत तिचा भाऊ आहे ते ठरवत असल्यासारखी.

"परत लाव," ती म्हणाली.